झाकणातला साक्षीदार

माझ्या खोलीच्या जनेलावर सोड्याच्या बाटल्यांची झाकणं ओळीनं मांडलेली असतात. जनेल म्हणजे इथं खिडकी. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याला वाटतं, हा माणूस एकतर सोडा फार पितो, नाहीतर याच्या घरात लहान मूल आहे. दोन्ही नाही. प्रत्येक झाकणात काचेसारखी टणक, पिवळसर चकती असते आणि खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारीख आणि वस्तूचं नाव. आरसा, उजवा. नंबरप्लेटची चौकट. टाकीचं बूच. आठवीत शाळा सोडली तेव्हा परीक्षा सुटल्या असं वाटलं होतं. त्या अशा झाकणात येऊन बसल्या.

एक झाकण मात्र त्या ओळीत नसतं. ते मी गणपतीच्या फोटोमागं ठेवलंय. कामाबद्दल लिहून द्या, असा एका मासिकाचा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा तेच बाहेर काढलं. त्यातल्या चकतीवर नखाची खूण आहे. नख माझंच. ती खूण कशी उठली ते सांगायचं, तर आधी काम सांगायला पाहिजे.

मी मूळचा इचलकरंजीचा. वडील यंत्रमागावर होते, शाळा सोडल्यावर मीही मागावर उभा राहिलो. सोळाव्या वर्षी गल्लीतल्या एकानं डिचोलीला फायबरच्या होड्या बनवणाऱ्या कारखान्यात चिकटवलं. म्हापशाच्या बसस्टँडवर उतरलो तेव्हा पाट्या वाचता येत होत्या, एवढंच शिक्षण कामाला आलं. त्या कारखान्यात आंतोन मेस्त होते. मेस्त म्हणजे मिस्त्री. ते ओरडायचे कमी, हात धरून दाखवायचे जास्त. काचतंतूवर रेझिन कसं बसवायचं, बुडबुडा कसा हुसकायचा, हे सगळं त्यांनी शिकवलं. आणि झाकणाची पद्धतही त्यांचीच.

रेझिन म्हणजे मधासारखा चिकट द्रव. तो नुसता ठेवला तर वर्षभर तसाच राहतो. त्यात हार्डनर मोजून घातला, की काही तासांत दगड होतो. मोजून म्हणजे अगदी मोजून. कमी पडला तर मऊ, जास्त पडला तरी मऊ. स्वयंपाकात मीठ जास्त झालं तर बटाटा टाकता येतो, इथं काही टाकता येत नाही. म्हणून आंतोन मेस्त प्रत्येक वेळी पेल्याच्या तळाशी राहिलेलं रेझिन एका झाकणात ओतून ठेवायचे. त्याला ते साक्षीदार म्हणायचे. दुसऱ्या दिवशी त्याला नख लावायचं. खूण उठली नाही, तर माल द्यायचा.

"सदा, पयलीं साक्षीदार पळय, मागीर गिरायकाक दी," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला हिशेब नाही. आधी साक्षीदार बघ, मग गिऱ्हाइकाला दे.

पुढं कारखाना बंद पडला. आंतोन मेस्त मुलीकडं राहायला गेले आणि मी पेडण्यात काकींच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली. काकी म्हणजे माझी घरमालकीण. त्या खोलीत पूर्वी त्या भात ठेवायच्या. तिथंच मी कार्बनचं काम सुरू केलं. मोटरसायकलवाल्या पोरांना त्याचं वेड लागलं होतं, आणि होडीचं काम घरात होत नसलं तरी हे होण्यासारखं होतं.

कार्बन म्हटलं की लोकांना चटईसारखी वीण दिसते. माझं काम ते नव्हे. मी कार्बनच्या धाग्याचं बोबिन आणतो. मागावरचा माणूस असल्यामुळं बोबिन हातात घेतलं की आजही मला घरी आल्यासारखं वाटतं. पण हा धागा विणायचा नाही, कात्रीनं इंच-इंच कापायचा. ते तुकडे रेझिनमध्ये भिजवून साच्यात ठासायचे, वरून दुसरा अर्धा साचा ठेवायचा आणि शिकंजे आवळायचे. आवळत जाल तसं फटीतून जास्तीचं रेझिन बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी साचा उघडला की आत काळ्या संगमरवरासारखी वस्तू. उजेडात फिरवली की आतले तुकडे चमकतात, आणि दोन वस्तूंची नक्षी कधी सारखी येत नाही. मग पाणीपेपरनं घासायचं, वर पारदर्शक रंग मारायचा. लोखंडाच्या मानानं वजन काहीच नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या आठवड्यात काकी भाताची कणगी बघायला खोलीत आल्या आणि टोपलीभर कापलेला धागा बघून दारातच थांबल्या.

"ह्ये केस कोणाचे रे, सदा?"

"केस नाहीत काकी, धागा आहे."

"माका शिकवू नको. बायलमाणसाचे केस आसत ते. करणी-बिरणी करतंस काय रे मेल्या माझ्या घरात?"

मी एक चिमूट काडीनं पेटवून दाखवली. केस जळल्याचा वास येईना, धागाही जळेना, तेव्हा त्यांचा जीव खाली बसला. पण त्या संध्याकाळी त्यांनी घरासमोर नारळ फोडलाच. "तुझ्यासाठी नाय, माझ्यासाठी," म्हणाल्या.

धाग्याची भुकटी अंगाला खाजते आणि नाकात गेली तर छातीत बसते, म्हणून तोंडाला जाळीचा मास्क लागतो. त्या भुकटीतून वीजही जाते. एकदा ती बटणाच्या पाटीत शिरली आणि काकींच्या घरातली वीज गेली. वस्तू तापवायला भट्टी नव्हती, म्हणून मोरजीच्या मासेवाल्यांकडून थर्माकोलची जुनी पेटी आणली आणि आत बल्ब लावला. ऊब छान राहायची. पण पहिल्या दोन महिन्यांचा माझा सगळा माल बांगड्याच्या वासाचा होता. एक पोरगा तक्रार घेऊन आला, की गाडी उभी केली की मांजरं आरशावर चढतात. डिचोलीच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, कार्बन म्हणजे कोळसाच ना, मग इतक्या खाणी सोडून तुम्ही मुंबईहून का मागवता? मी म्हटलं, आजोबा, तुमच्या खाणीत लोखंड आहे. ते म्हणाले, मग लोखंडाचं का बनवत नाही?

मी एक नियम पाळायचो. शोभेच्या वस्तू करायच्या. आरशाची टोपी, चौकट, दिव्याची कड. जिवावर बेतेल अशी वस्तू घरात करायची नाही. हाही आंतोन मेस्तांचाच नियम, आणि मला तो सोयीचा होता. मुळात मी भित्रा माणूस. परमुलखात राहतो, शाळा झालेली नाही, काही चुकलं तर कुणाच्या दारात जाऊन उभा राहू, ही भीती मला सकाळी चहाआधी येते.

तो नियम मी विष्णू गावस यांच्यासाठी मोडला.

विष्णूभाऊ सुर्ल्याचे. मूळचे दोडामार्गाकडचे, पण वडिलांपासून खनिजाच्या ट्रकवर. ट्रकचा मागचा फाळका पडून त्यांच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. ट्रक सुटला. मग बायको, सुनंदावहिनी, भाजी लावू लागल्या आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसू लागल्या. त्यांना पोचवायला स्कूटर हवी, आणि स्कूटरचा मागचा ब्रेक डाव्या मुठीत. गॅरेजवाल्यांनी लांब पट्टी वेल्डिंग करून दिली, ती हाताला लागायची. कुणीतरी त्यांना माझ्याकडं पाठवलं.

मी नाही म्हणालो. त्यांनी हुज्जत घातली नाही. जाताना बाल्कांवावर, म्हणजे घरासमोरच्या ओसरीवर, बसून चप्पल घालताना एवढंच म्हणाले, "मेस्त, ती शुक्रवारी टोपली डोक्यावर घेऊन तीन बसी बदलता. मी घरात बसान बघतंय."

काकी आतून ऐकत होत्या. "कर रे ह्येचा," म्हणाल्या. "आरशे करतंस त्या उडाणटप्पूंचे, आणि हेका नाय म्हणतंस?"

मी केलं. आधी काकींकडून घट्ट कणीक मळून घेतली. स्कूटरचा जुना ब्रेकचा दांडा काढून त्यावर ती थापली आणि विष्णूभाऊंना म्हटलं, दाबा. त्यांची करंगळी आणि तळव्याची कड तिच्यात रुतली. काकी बघत होत्या. "पोळ्ये करूचे सोडून आता ह्येच करूया काय?" म्हणाल्या, आणि विष्णूभाऊ पहिल्यांदा हसले. त्या कणकेवरून प्लास्टरचा नमुना केला, नमुन्यावरून साचा. करंगळीला पन्हळ, तळव्याला शिंपल्यासारखी रुंद जागा. मनगटाच्या जोरानं ब्रेक लागला पाहिजे, असा तो दांडा होता. एवढं मन लावून मी आधी काही केलं नव्हतं, हे मला आजही अभिमानानं सांगावंसं वाटतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

चतुर्थी जवळ आली होती. चतुर्थीआधीच्या शुक्रवारी म्हापशाचा बाजार म्हणजे सुनंदावहिनींचा वर्षाचा दिवस. विष्णूभाऊ स्कूटर माझ्याकडं ठेवून गेले होते, आणि शुक्रवारी सकाळी दोघं बसनं येऊन स्कूटरवरून बाजाराला जाणार होते. माझ्याकडं हार्डनर संपत आला होता आणि नवीन पार्सल सणामुळं अडकलं होतं. बाटलीत एका दांड्यापुरता होता.

बुधवारी दुपारी मी पेला काट्यावर ठेवला. चाळीस ग्रॅम रेझिन. काटा शून्यावर आणला. आता बारा ग्रॅम हार्डनर. थेंब थेंब सोडत होतो. सात झाले असतील, आणि फोन वाजला. आईचा.

"गणपतीला येतोयस की नाही? सांग तरी."

"बघतो, आई. काम आहे."

"तुझं काम बारा महिने तेरा काळ. पोरं ईचारत्यात, काका कसा दिसतो."

मी हार्डनरची बाटली खाली ठेवली आणि बोलत बसलो. फार नाही, दोन-तीन मिनिटं. फोन ठेवून वळलो तर काट्यावरचे आकडे गेले होते. माझा काटा बॅटरी वाचवायला आपोआप बंद होतो. पुन्हा चालू केला, तर पेला वर असतानाच त्यानं शून्य दाखवलं.

सात झाले होते की नऊ?

आता सांगतो, तेव्हा काय करायला हवं होतं. रिकाम्या पेल्याचं वजन आधीच लिहून ठेवायला हवं होतं. ते ठेवलं नाही तर तसाच दुसरा रिकामा पेला तोलून वजाबाकी करता आली असती. हे मला शनिवारी सुचलं. आठवीत शाळा सोडलेल्याचं गणित असंच असतं, येतं, पण वेळ गेल्यावर. किंवा मग ते मिश्रण फेकून द्यायला हवं होतं. पण फेकलं असतं तर हार्डनर संपला असता, दांडा झाला नसता, आणि शुक्रवारी सुनंदावहिनी टोपली घेऊन तीन बसा बदलत गेल्या असत्या. मी स्वतःला सांगितलं, सातच होते. आणि पाच ग्रॅम आणखी ओतले.

धागा भिजवला, साचा भरला, शिकंजे आवळले. पेल्यातलं राहिलेलं झाकणात ओतलं, चिठ्ठी लावली, ब्रेक, गावस, आणि जनेलावर ठेवलं.

गुरुवारी साचा उघडला. दांडा बाहेर आला तो देखणा. टणकही वाटला. इथं एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. धागा इतका दाट ठासलेला असतो, की रेझिन आतून कच्चं असलं तरी वस्तू हाताला कडक लागते. धागा खोटं बोलतो, म्हणून तर साक्षीदार लागतो. पण जनेल मोकळं होतं. काकींनी चतुर्थीची सफाई काढली होती आणि झाकणं उचलून कुठंतरी ठेवली होती. त्या शेजारीच, तुळशीपाशी शेणानं सारवत होत्या. एक हाक मारली असती तर झालं असतं.

मी हाक मारली नाही. काम आहे, नंतर विचारू, असं करत दांडा घासत बसलो. खरं सांगायचं तर मला ते झाकण बघायचं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दांडा बसवला. विष्णूभाऊंनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला ब्रेक दाबून माझ्याकडं बघायचे, लहान मुलानं सायकल दाखवावी तसं. सुनंदावहिनींनी काकींच्या पाया पडून घेतलं, माझ्याही पडायला निघाल्या, मी मागं सरकलो. भाजीची टोपली पुढं पायापाशी ठेवून दोघं निघाली.

पंधरा-वीस मिनिटांनी काकी बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. "सदा, हे तुझी झाकणा. माळ्यार ठेवलंय तां विसारलंय."

मी डबा उघडला. ब्रेक, गावस. नख लावलं. नख आत गेलं. साबणाच्या वडीत जावं तसं.

"काय झाला रे? रंग उडालो तुझो."

"काकी, तो दांडा कच्चा आहे."

"कच्चो म्हणजे?"

"म्हणजे ब्रेक लागणार नाही."

विष्णूभाऊंना फोन लावला. वाजत राहिला. गाडीवर असताना फोन उचलत नाहीत, हे मला माहीत होतं. पुन्हा लावला. मग मी पान्हा आणि स्कूटरचा मूळचा जुना दांडा, जो नमुन्यासाठी ठेवून घेतला होता, पिशवीत टाकला आणि मोटरसायकल काढली. काकी फाटकापर्यंत धावत आल्या. "सावकाश जा रे! तू पडलंस तर तेका कोण सांगतलो?"

पेडण्याहून म्हापशाला जाताना कोलवाळच्या पुलाआधी उतार आहे. अवजड गाड्या तिथं एकामागं एक उतरतात. वळणावर गर्दी दिसली आणि मी वेग कमी केला. शहाळी विकणारा होता. गाड्या त्याच्यापाशी थांबल्या होत्या. मी रस्त्याच्या कडेला बघत उतरलो. सांडलेली भाजी दिसते का, एवढंच बघत होतो. हिरवं काही दिसलं की ब्रेक दाबायचो. आणि त्या कडेला हिरवं काय कमी असतं?

म्हापशात पोचलो. चतुर्थीआधीचा शुक्रवार. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या छतासाठी, रानातली फळं, सुपाऱ्यांचे घड, पपनसासारखी तोरिंगं घेऊन गावोगावची माणसं बसलेली. पाय ठेवायला जागा नाही. सुनंदावहिनी कुठं बसतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. म्हणून माणसं शोधायची सोडून मी गाड्या शोधायला लागलो. बसस्टँडपासून सुरुवात केली. एकेका रांगेतल्या प्रत्येक स्कूटरची डावी मूठ बघत चाललो. कुणीतरी हटकलं, "कितें रे, चोरपाक आयला?" मी मान हलवून पुढं गेलो. तिसऱ्या रांगेत काळा चमकता दांडा दिसला. मी फोन लावला तर सीटखालच्या डिकीत घंटी वाजली. माझे सगळे फोन तिथंच पडून होते.

गाडी धड होती. म्हणजे माणसंही धड होती. मी तिथंच फुटपाथवर बसलो.

उठून दांडा दाबून बघितला. ऊन लागून तो आणखी मऊ झाला होता. जोर दिला तसा वाकला आणि वाकलेलाच राहिला. मी तो काढला, जुना दांडा बसवला. दहा मिनिटांचं काम. मग माझ्या मनात आलं ते लिहितो, कारण न लिहून भागणार नाही. मनात आलं, की आता निघून जावं. नंतर फोनवर सांगावं, की रंगात दोष राहिला होता, म्हणून दांडा बदलून गेलो. कोण विचारणार होतं?

पण जुना दांडा त्यांना दाबता येत नव्हता. ते परतीला त्यावर भरवसा ठेवून निघाले असते. मी थांबलो.

दुपार कलल्यावर दोघं आली. टोपली रिकामी होती आणि वहिनींच्या हातात माटोळीचं सामान होतं. मला बघून विष्णूभाऊंचा चेहरा फुलला. "मेस्त! तुमी पण बाजाराक?"

मी वाकलेला दांडा पुढं केला आणि सांगितलं. काटा बंद पडला ते, अंदाजानं ओतलं ते, झाकण बघितलं नाही ते. सगळं.

आधी वहिनी बोलल्या. "मेस्तानू, देताना बघूक नाय तुमी? मी मागे बसलंय हुती. हेच्या हातार भरवसो ठेवन बसलंय मी."

मी मान खाली घातली. शिव्या याव्यात अशी वाट बघत होतो. विष्णूभाऊ दांड्याकडं बघत होते. त्यांनी तो हातात घेतला, करंगळी त्या पन्हळीत ठेवली, आणि दाबला. आणखी वाकला.

"कोलवाळच्या उतारार मी दाबलंय," ते म्हणाले, "तेव्हा गेल्यासारखो वाटलो. म्हणान उजव्या ब्रेकार हळू हळू उतारलंय. हिका सांगलंय नाय."

"कित्याक नाय सांगलास?" वहिनी.

ते म्हणाले, "माका वाटला, माझोच हात."

त्यांना वाटलं होतं, उरलेली बोटंही आता साथ सोडतायत. म्हापशापर्यंत आणि बाजारभर तो माणूस ते मनात घेऊन हिंडला होता, आणि बायकोला हसून वाटे लावायला मदत करत होता. मी दांडा कच्चा दिला हे मी माफ करून घेईन कधीतरी. पण त्या दिवसातले ते चार-पाच तास माझ्या चुकीमुळं त्यांच्या हातावर आले, ते परत घेता येत नाहीत.

माझी मोटरसायकल म्हापशात ठेवली. वहिनींना डिचोलीच्या बसमध्ये बसवलं आणि विष्णूभाऊंना मागं घेऊन मी स्कूटर चालवत सुर्ल्याला निघालो. त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर होता. अंगठा आणि करंगळी. अस्नोड्याच्या पुढं खड्डे आले की ती पकड घट्ट व्हायची. चांगली घट्ट. मी म्हटलं, "भाऊ, दुखतंय खांद्याला." ते मागून म्हणाले, "खरा?" आणि मुद्दाम आणखी दाबलं. मग दोघंही हसलो. हसताना माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते वाऱ्यानं असं मी धरून चाललो.

सुर्ल्याला वहिनी बोलल्या नाहीत. पण पान वाढलं. भात, मोडाच्या मुगांची मुगागाठी, लोणचं. मी दुसऱ्यांदा भात नको म्हटलं तर ताटात वाढूनच गेल्या. परमुलखात मला जेवढं मिळालंय त्याच्या लायक मी आहे का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. त्या ताटासमोर तो सगळ्यात जास्त पडला.

चतुर्थी झाल्यावर पार्सल आलं, तेव्हा सुर्ल्याला जाऊन स्कूटर पेडण्याला घेऊन आलो. नवा दांडा करताना मधे पोलादाची पट्टी घातली, म्हणजे कार्बन दगा दिला तरी लोखंड धरेल. डिचोलीचे ते आजोबा ऐकतील तर खूष होतील. मिश्रण करायला विष्णूभाऊंना समोर बसवलं. फोन बंद करून काकींकडं दिला. रिकामा पेला तोलून आकडा भिंतीवर लिहिला. मी ओतत होतो, ते काट्यावरचे आकडे मोठ्यानं वाचत होते. "धा. अकरा. मेस्त, हळू. बारा. बस!"

दांडा झाल्यावर दोन दिवस आढ्याला बांधला आणि त्यावर पाण्यानं भरलेली बाल्दी टांगली. काकी येता जाता विचारायच्या, "पडली काय रे बाल्दी?" मग झाकण विष्णूभाऊंसमोर ठेवलं आणि म्हटलं, नख तुम्ही लावा. त्यांनी डाव्या हाताची करंगळी लावली. दाबली. दात आवळून दाबली. चकतीवर काही उठलं नाही. तेव्हापासून माझ्याकडं पद्धत पडली, की साक्षीदाराला नख गिऱ्हाइकानं लावायचं. मी नाही. भित्र्या माणसानं स्वतःची परीक्षा स्वतः तपासू नये.

ब्रेकचा दांडा त्यानंतर मी कुणालाच केला नाही. ज्यांनी मागितला त्यांना मी ते मऊ झाकण दाखवतो. आजही नख लावलं की खूण उठते.

नवा दांडा बसवून विष्णूभाऊ निघाले त्या सकाळी काकी आणि मी बाल्कांवावर बसलो होतो. पाववाला पोदेर येऊन गेला होता, समोर पाव होते, पण आम्ही दोघांनीही हात लावला नव्हता. अर्धा तास झाला. फोन वाजला. त्यांनी गाडी थांबवून फोन केला होता, मागून ट्रकांचा आवाज येत होता.

"मेस्त," ते म्हणाले, "कोलवाळचो उतार उतारलंय. तीनदा दाबलंय."

"मग?"

"हात बरो आसा माझो."